टर्बो वाचवण्याचा धडा ड्रायव्हिंग स्कूलमध्येच द्यावा

प्रति,
महाराष्ट्र व गोव्यातील मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे संचालक आणि प्रशिक्षक

विषय : टर्बोचार्जरची चालकाच्या हातात असलेली निगा

टर्बोचार्जर इंजिनाच्या धुरावर चालतो. सिलिंडरमधून बाहेर पडणारा गरम, वेगवान धूर सायलेन्सरकडे जाण्याआधी एका छोट्या चाकाच्या पात्यांवर सोडलेला असतो, ते टर्बाइन. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचे चाक असते. टर्बाइन फिरले की कॉम्प्रेसर फिरतो, एअर फिल्टरमधून हवा ओढतो, दाबतो आणि इंटरकूलरमार्गे इंजिनात ढकलतो. सिलिंडरमध्ये हवा जास्त मावली की इंधनही जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाइतके ओढते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आधी जहाजे आणि रेल्वेची इंजिने, मग ट्रक, मग मोटारी अशा क्रमाने ती रस्त्यावर आली.

आज बाजारात येणारी जवळजवळ प्रत्येक नवी डिझेल गाडी टर्बोची असते. पेट्रोल गाड्यांतही १ ते १.५ लिटरची टर्बो इंजिने सर्रास दिसतात. २०१७ मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनमध्ये पहिल्यापासून १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते. परवाना घेऊन बाहेर पडणारा मुलगा किंवा मुलगी उद्या टर्बोच्या गाडीत बसणार, हे जवळपास ठरलेले आहे. शिकवण मात्र अजून बिनटर्बोच्या जीप-टेम्पोंच्या काळातली आहे. क्लच, गिअर, ब्रेक, रिव्हर्स, चढावर गाडी उचलणे हे सगळे घोटून घेतले जाते. इंजिन सुरू केल्यावरचे पहिले अर्धे मिनिट आणि बंद करण्यापूर्वीचे शेवटचे मिनिट कसे घालवायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. टर्बो किती वर्षे टिकणार, हे बरेचसे याच दोन वेळांत ठरते.

टर्बो आपणहून क्वचितच बिघडतो. बिघडलेला टर्बो उघडला तर कारण बहुतेक वेळा त्याच्या बाहेर सापडते. त्याला ऑइल मिळालेले नसते, किंवा मिळालेले ऑइल घाण असते. हवेबरोबर काहीतरी आत गेलेले असते. नाहीतर उष्णता आणि वेग यांनी मर्यादा ओलांडलेली असते. यांतली ऑइलची बाजू सगळ्यांत मोठी आहे आणि ती समजली की बाकीचे समजायला सोपे जाते.

लहान कारच्या टर्बोचा दांडा पूर्ण जोरावर मिनिटाला २ लाखांहून अधिक फेरे घेतो. सेकंदाला ३,३०० फेरे. एवढ्या वेगाला साधे बॉल बेअरिंग सहसा वापरत नाहीत. बहुतेक टर्बोंमध्ये दांडा पितळी किंवा काशाच्या बुशमध्ये फिरतो आणि तो बुशही स्वतः ऑइलमध्ये तरंगत असतो. दांडा आणि बुश यांच्यामध्ये ऑइलचा एक पातळ पडदा असतो, केसापेक्षाही कितीतरी बारीक. तो पडदा आहे तोवर धातूला धातू लागत नाही आणि झीज जवळजवळ होत नाही. पडदा क्षणभर जरी तुटला तरी त्या वेगाला बुशवर ओरखडे उठतात, दांडा डगमगू लागतो, पाती बाहेरच्या घरट्याला घासतात, आणि पुढचे काम फार वेळ घेत नाही. शिवाय टर्बाइनकडची उष्णता वाहून नेण्याचे कामही हेच ऑइल करते. डिझेल इंजिनाचा धूर भरलोडवर ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, पेट्रोलचा ९०० च्या पुढे जातो. या आगीपासून काही सेंटिमीटरवर बेअरिंग बसलेले असते.

गाडी रात्रभर उभी राहिली की टर्बोतले ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते. सकाळी स्टार्टर मारल्यावर पंपाने ऑइल उचलून गाळण्यांतून, नळ्यांतून टर्बोपर्यंत पोहोचवायला काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत दांडा उरल्यासुरल्या ओलाव्यावर फिरत असतो. म्हणून सुरू करताच ॲक्सिलरेटर दाबून इंजिन रेस करू नये. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा विझू द्यावा, साधारण अर्धे मिनिट गाडी स्लोवर राहू द्यावी आणि मग निघावे. पाच-दहा मिनिटे जागेवर घुरघुरत ठेवण्याची जुनी पद्धत आता उपयोगाची नाही. इंजिन चालता चालता लवकर तापते. फक्त पहिले दोन-तीन किलोमीटर जोर लावू नये, गिअर लवकर बदलावेत, ओव्हरटेक टाळावे. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटेला ऑइल घट्ट झालेले असते, तेव्हा हे पथ्य जास्तच पाळावे. लग्नसराईपुरती बाहेर निघणारी किंवा पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी महिन्याभराने सुरू करताना तर पहिले मिनिटभर ॲक्सिलरेटरला पायच लावू नये.

बंद करण्याची वेळ याहून महत्त्वाची आहे, आणि तिथेच एक वाईट सवय खोलवर रुजलेली आहे. ट्रक-टेम्पोवरचे कित्येक ड्रायव्हर गाडी उभी केल्यावर चावी फिरवण्याआधी ॲक्सिलरेटरला एक जोराचा दणका देतात आणि इंजिन वर चढलेले असतानाच ते बंद करतात. उस्तादाकडून क्लीनरकडे, क्लीनर ड्रायव्हर झाला की त्याच्या क्लीनरकडे, अशी ही सवय चालत आली आहे. जुन्या बिनटर्बोच्या इंजिनाला तिचा फायदा नव्हता, पण मोठा तोटाही नव्हता. टर्बोला मात्र ती घातक आहे. दणक्यासरशी टर्बो वेग घेतो, इंजिन बंद होताच ऑइलचा पंप थांबतो, आणि दांडा मात्र अजून फिरतच असतो. थांबेपर्यंतचे ते फेरे तो कोरड्यावर घेतो. ड्रायव्हिंग स्कूलने विद्यार्थ्याची एकच सवय घडवायची ठरवली, तर ती ही असावी: गाडी नेहमी स्लोवर आल्यानंतरच बंद करायची.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. मुंबईहून पुण्याला येणारी, माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सलग चढते. टर्बो या सगळ्या वेळात भरजोरात असतो आणि त्याचे टर्बाइनकडचे घरटे लालबुंद होण्याइतके तापू शकते. घाट संपला की लगेच चहासाठी गाडी बाजूला घेतली आणि चावी काढली, तर ऑइलचा प्रवाह थांबतो, पाण्याचा थांबतो आणि लाल घरट्यातली उष्णता बेअरिंगकडे सरकते. इंजिन बंद झाल्यावर बेअरिंगचा भाग काही वेळ थंड होण्याऐवजी आणखी तापतो. तिथे अडकलेले ऑइल जळते आणि त्याचा कडक काळा थर जमतो, कढईच्या बुडाला जळून चिकटलेल्या तेलासारखा. एकदा जमलेला थर पुढच्या खेपेला सुटून बेअरिंगमध्ये जातो किंवा ऑइलची बारीक छिद्रे अरुंद करतो. एका चहाने टर्बो मरत नाही. असे शंभर चहा झाले की मरतो.

यावर 'प्रत्येक वेळी गाडी तीन मिनिटे चालू ठेवा' हा सरसकट नियम सांगितला जातो. तो पुरेसा विचारपूर्वक नाही. पाहायचे असते ते एवढेच की शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये इंजिनाने काय काम केले. तीच गाडी पुण्याहून मुंबईकडे जाताना बोरघाट उतरून खोपोलीला थांबली, तर उतारावर इंजिनावर जोर नव्हता, टर्बो वाटेतच निवलेला आहे. गाडी थेट बंद केली तरी बिघडत नाही. शहरात तिसऱ्या गिअरवर गल्ली-बोळांतून घरी आलेल्या कारलाही पार्किंगमध्ये घुरघुरत ठेवण्याची गरज नाही. थांबायचे ते चढ संपताच, एक्स्प्रेसवेवरून सुसाट येऊन थेट पंपावर किंवा टोलनाक्याजवळ थांबताना, ट्रेलर ओढल्यानंतर. तेव्हा कारला एक-दोन मिनिटे, मालाने भरलेल्या ट्रकला किंवा बसला तीन ते पाच मिनिटे स्लोवर द्यावीत. त्याहून चांगला उपाय म्हणजे थांबण्याआधीचे एक-दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवणे. कसारा असो, खंबाटकी असो वा आंबोली, घाटमाथ्यावर पोहोचल्यावर थोडे सावकाश पुढे जाऊन थांबले की ते आपोआप साधते, डिझेलही जळत नाही.

नव्या पेट्रोल टर्बोंना बेअरिंगभोवती पाणी खेळवलेले असते. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेवरचा छोटा पंप पाणी फिरवत राहतो आणि रेडिएटरचा पंखा चालूच राहतो. तो बिघाड नाही, तो टर्बो निववत असतो. या सोयीमुळे धोका कमी होतो, संपत नाही. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा शहराच्या संथ गर्दीत टर्बोला त्रास देत नाही, पण घाट चढून टोलनाक्याच्या रांगेत शिरताना ती बटणाने बंद करून ठेवणे शहाणपणाचे.

उलट बाजूही सांगायला हवी. एसी लावून डिझेल गाडी तासन्तास जागेवर चालू ठेवणे टर्बोला मानवत नाही. स्लोवर टर्बोमधला वायूचा दाब कमी असतो, त्यामुळे ऑइल सीलजवळून हळूहळू झिरपते आणि अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी साचते. विमानतळाबाहेर प्रवाशाची वाट पाहत झोपलेल्या टॅक्सीचालकाला हे सांगणारे कोणीतरी हवे.

ऑइल कोणते घालायचे, याचे उत्तर गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते आणि तेच अंतिम मानावे. ५डब्ल्यू-३० लिहिले असेल तर 'आपल्याकडे गरमी जास्त' म्हणून जाड ऑइल भरणे चूक. जाड ऑइल थंड इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असतो, त्याला कमी राख करणारे खास ऑइल लागते. ग्रेडचा आकडा जुळला तरी त्या प्रतीचे ऑइल नसेल तर फिल्टर लवकर तुंबतो, आणि तुंबलेल्या फिल्टरमुळे धूर मागे दाबला जाऊन टर्बो तापतो. सुटे ऑइल, ओळखीच्या दुकानातले बिनसीलचे डबे, निम्म्या किमतीचे ऑइल फिल्टर यांपासून टर्बोच्या गाडीला दूरच ठेवावे. ऑइल फिल्टरमध्ये एक बायपास व्हॉल्व्ह असतो. फिल्टर तुंबला की इंजिन कोरडे पडू नये म्हणून तो उघडतो आणि न गाळलेले ऑइल पुढे जाऊ देतो. मुख्य बेअरिंगे ते काही काळ सोसतात. टर्बोचे बारीक बुश सोसत नाहीत.

ऑइल बदलण्याचे अंतर पुस्तिकेत १०,००० किंवा १५,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते, असे अनेकदा दिलेले असते. त्याच पानावर खाली कठीण परिस्थितीसाठी कमी अंतर दिलेले असते आणि ते वाचलेच जात नाही. धूळ, कोंडी, छोट्या छोट्या फेऱ्या, सततचे ओझे अशी त्या परिस्थितीची व्याख्या असते. पुणे, ठाणे, नागपूर यांच्या रोजच्या रस्त्यांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्या या व्याख्येत बसतात. त्यांनी कमी अंतरच धरावे.

डिपस्टिक पाहायला प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवता येते आणि त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडे थांबून, पट्टी पुसून पुन्हा घालून पाहायची. ऑइल खालच्या खुणेजवळ असेल तर धोका आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. वरच्या खुणेच्या वर गेले तरी धोका असतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. बीएस-६ डिझेल गाडीचा काजळी फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, तेव्हा इंजिन जादा डिझेल सोडते. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालत असेल आणि ही सफाई दरवेळी अर्धवट तुटत असेल, तर त्यातले काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. पातळी वाढते, ऑइल पातळ होते, पट्टीला डिझेलचा वास येतो. असे पातळ ऑइल टर्बोचा तो बारीक पडदा धरून ठेवू शकत नाही. पातळी वर चढलेली दिसली की ऑइल ताबडतोब बदलावे, आणि आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी.

ही मोकळ्या रस्त्याची फेरी आणखी एका कारणासाठी लागते. आजच्या बऱ्याच डिझेल टर्बोंमध्ये टर्बाइनभोवती हलणाऱ्या छोट्या पात्यांचे कडे असते; इंजिन हळू असताना ती पाती वाट अरुंद करतात आणि टर्बोला लवकर वेग देतात. मारुती, टाटा, फियाट अशा अनेकांच्या गाड्यांत एकेकाळी घरोघर दिसणारे १.३ लिटरचे डिझेल इंजिन दोन रूपांत होते: ७५ अश्वशक्तीच्या रूपात साधा टर्बो, ९० च्या रूपात हलत्या पात्यांचा. दुसऱ्या प्रकारात ही पाती काजळीने अडकली की गाडी चढावर अचानक दम सोडते, इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी ठरावीक वेगाच्या पुढे जात नाही. कायम दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रेंगाळणाऱ्या गाड्यांना हा त्रास अधिक होतो. बाटलीतली औषधे इंधनात ओतून ही पाती सुटतील, यावर भिस्त ठेवू नये.

हवेच्या बाजूला शत्रू एकच, धूळ. कॉम्प्रेसरची पाती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि कडेला अगदी पातळ असतात. एअर फिल्टर नीट बसलेला नसेल, त्याच्या डब्याची एक क्लिप तुटलेली असेल किंवा फिल्टरपुढच्या होज पाइपला चीर गेली असेल, तर तिथून शिरणारी धूळ त्या पात्यांवर गोळीसारखी आदळते. काही हजार किलोमीटरांत पात्यांच्या कडा झिजून वेड्यावाकड्या होतात, चाकाचा तोल जातो, आणि तोल गेलेले चाक त्या वेगाला बेअरिंग खाते. ऊसतोडणीच्या हंगामातले सांगली-कोल्हापूरचे गाडीरस्ते, खडी क्रशरचा परिसर, उत्तर गोव्यातल्या खनिजाच्या वाटा, कोकणातला लाल मातीचा उन्हाळा, इथे चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतल्या अंतराची वाट न पाहता बघावा. कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने फुंकून साफ करण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास आहे. त्या हवेने कागदाला न दिसणारी भोके पडतात आणि स्वच्छ दिसणारा फिल्टर निकामी झालेला असतो. फिल्टर बदलताना डब्यातली माती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, आणि पाइप उघडा असेपर्यंत आसपास नट, वॉशर, फडक्याची चिंधी ठेवू नये. आत गेलेला छोटा वॉशर कॉम्प्रेसरची पाती उडवायला पुरे आहे.

टर्बोनंतरचे होज आणि इंटरकूलर यांतून हवा गळत असेल तर वेगळाच खेळ होतो. इंजिनाला हवा कमी पडते, संगणक टर्बोकडून आणखी मागतो, टर्बो मर्यादेपलीकडे पळतो. चालकाला एवढेच दिसते की पिकअप कमी झाला, शिट्टीसारखा आवाज वाढला, मागून काळा धूर येतो. क्लॅम्प ढिला झालेला किंवा रबरी होज उंदराने कुरतडलेला असतो. खर्च किरकोळ असतो. तो आठवडाभर लांबवला की खर्च टर्बोच्या किमतीवर जातो. संगणकाचे सेटिंग बदलून इंजिनाची ताकद वाढवणाऱ्यांनीही टर्बोला कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या पुढे ढकललेले असते, हे गाडी मालकाने समजून घ्यावे. तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा काजळी फिल्टरही टर्बोला तसाच छळतो.

निळा धूर दिसला आणि इंटरकूलरच्या पाइपमध्ये ऑइल सापडले की 'टर्बो गेला' असा निकाल लगेच दिला जातो. पुष्कळदा तो चुकीचा असतो. टर्बोच्या दांड्यावर रबरी सील नसतात, पिस्टनच्या रिंगसारख्या धातूच्या रिंगा असतात, आणि आतले ऑइल स्वतःच्या वजनाने खालच्या जाड नळीतून चेंबरमध्ये परत जाते. ती नळी चेपली, आतून जळक्या थराने अरुंद झाली, चेंबरमध्ये ऑइल जास्त भरले गेले किंवा इंजिनाचा ब्रीदर पाइप तुंबून चेंबरमध्ये दाब साठला, तर ऑइलला परतीची वाट मिळत नाही आणि ते रिंगांवरून दोन्ही बाजूंना बाहेर येते. अशा इंजिनावर नवा टर्बो बसवला तर तोही पहिल्या दिवसापासून ऑइल टाकतो. एअर फिल्टर तुंबला तरी कॉम्प्रेसरकडे ओढ वाढून ऑइल येते. पाइपच्या आत ऑइलचा हलका ओलावा तर ब्रीदरमुळे निरोगी गाडीतही असतो. थंड इंजिनावर पाइप काढून दांडा बोटांनी हलवून पाहिला तर बाजूला थोडी लवचीक हालचाल लागते; तरंगत्या बुशमुळे ती असायलाच हवी. दांडा पुढे-मागे स्पष्ट हलत असेल किंवा पाती घरट्याला लागत असतील, तर मात्र टर्बो खरोखर संपला.

बदलतानाची घाई दुसरा टर्बो मारते. फिटरच्या टेबलावर हे जवळून पाहता येते. ऑइलच्या नळीच्या फ्लँजवर गॅस्केटऐवजी पेस्ट लावली जाते. बोल्ट आवळल्यावर ती आत दाबली जाते, तिचा एक गोळा सुटतो आणि काही मिलिमीटरच्या छिद्रात जाऊन बसतो. नवा टर्बो तिथेच कोरडा पडतो. जुनी ऑइल नळी धुऊन पुन्हा वापरली जाते, तिच्या आतला जळका थर नव्या टर्बोत उतरतो. काही इंजिनांत नळीच्या बोल्टमध्ये बारीक जाळी असते, ती असल्याचेच कोणाला आठवत नाही. नवा टर्बो बसवताना ऑइल आणि फिल्टर नवे घालावेत, पुरवठ्याची नळी नवी घ्यावी, इंटरकूलर आणि पाइपमधले जुने ऑइल व तुटक्या पात्यांचे कण पूर्ण काढावेत. टर्बोच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओतून चाक हाताने फिरवावे, आणि इंजिन पेट न घेता स्टार्टरने काही वेळ फिरवून दाब आल्यावरच सुरू करावे. फक्त आतला कोअर बदलून घ्यायचा असेल, तर तो मशीनवर बॅलन्स केल्याचा कागद मागावा. आणि आधीचा टर्बो का गेला, याचे उत्तर मेकॅनिककडून मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चालकाने ओळखायच्या खुणा थोड्याच आहेत. नेहमीची बारीक शिट्टी सायरनसारखी झाली, घासल्याचा आवाज आला, चढावर दम गेला, सकाळी किंवा उतार संपवून पुन्हा पाय दिल्यावर निळा धूर आला, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल घालावे लागले, की गाडी दाखवावी. यातले काहीही असताना 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून महामार्गावर निघू नये.

याचे सगळ्यांत गंभीर कारण डिझेल गाड्यांपुरते आहे आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितलेच पाहिजे. टर्बो फुटला तर त्यातले ऑइल हवेबरोबर थेट इंजिनात जाऊ शकते. डिझेल इंजिनाला पेटायला ठिणगी लागत नाही; ते त्या ऑइलवरच चालू लागते. ॲक्सिलरेटर सोडला, चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, वेग वाढतच जातो, मागे पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट उठतात. असे इंजिन ऑइल संपेपर्यंत किंवा आतून तुटेपर्यंत पळते. गाडी मॅन्युअल असेल तर ती थांबवून, ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून, सगळ्यांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच एकदम सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडते. पुढे माणसे किंवा भिंत असेल तर हे करू नये. ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय नाही. गाडी बाजूला उभी करून सगळ्यांना उतरवावे आणि दूर जावे. बॉनेट उघडून हाताने हवेचे तोंड बंद करायला कोणी धावू नये.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ३१ ने ड्रायव्हिंग स्कूलचा अभ्यासक्रम ठरवून दिला आहे आणि त्यात वाहनाची यंत्रणा व देखभाल यांना जागा आहे. वर मांडलेले सगळे त्या तासात बसते, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. गॅरेजातून भंगारात निघालेला एक मेलेला टर्बो आणून वर्गाच्या टेबलावर ठेवावा, झिजलेली पाती आणि काळा पडलेला बुश विद्यार्थ्यांना हातात घेऊन पाहू द्यावा. प्रत्येकाकडून एकदा डिपस्टिक काढून घ्यावी, एअर फिल्टरचा डबा उघडून घ्यावा. प्रात्यक्षिकाच्या गाडीवर रोज पहिले अर्धे मिनिट आणि शेवटचे मिनिट पाळायला लावावे, कारण ज्या गाडीवर सवय लागते तीच पुढे टिकते. अवजड वाहनांचे प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रांनी रेस देऊन इंजिन बंद करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच जागी थांबवून पुन्हा नीट बंद करायला सांगावे. येत्या तुकडीपासूनच हा तास सुरू करावा, ही सर्व संचालक व प्रशिक्षकांना कळकळीची विनंती.